पंचवीस हजार, एक ग्राफिक्स कार्ड आणि देवगडची लाईट

पत्र: नमस्कार. मी देवगड तालुक्यातला, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा आंब्याच्या हंगामात पॅकिंगला जाऊन २५ हजार रुपये बाजूला ठेवलेत. घरी कॉम्प्युटर आहे: आय३-१०१०० प्रोसेसर, एच४१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, ५०० जीबी एसएसडी आणि फुल एचडी, ७५ हर्ट्झचा मॉनिटर. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबरच आला होता, त्यावर ४५० वॉट लिहिलंय. ग्राफिक्स कार्ड नाही. व्हॅलोरंट हा गेम कसाबसा चालतो, पण मला सायबरपंक आणि फोर्झा होरायझन ५ खेळायचेत. दुकानदार म्हणतो आरटीएक्स ३०५० घे. मित्र म्हणतो तीनेक हजार आणखी घाल आणि इंटेलचं १२ जीबीवालं आर्क बी५८० घे. ऑनलाइन आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्तात दिसतंय. डोंबिवलीचा आतेभाऊ म्हणतो, ओळखीतल्या एकाचं जुनं आरटीएक्स ३०६० आहे, १४ हजारांत देईल, बिल नाही. गणपतीला गावी येताना घेऊन येतो. आई म्हणते, ‘त्या डब्यात पैसे घालून तुका काय मेळतला?’ आमच्याकडे लाईट पावसाळ्यात सारखी जाते, घरात इन्व्हर्टर आहे. काय करू?

उत्तर: आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. आरएक्स ६६०० घे. नवं, बिलासकट. पण २५ हजारांतले चारेक हजार कार्डावर घालू नकोस, ते नव्या एसएमपीएसचे आहेत. दुकानदार, मित्र, आतेभाऊ या तिघांनी तुला कार्डांची नावं सांगितली. तुझ्या घरी लाईट कशी येते हे तिघांपैकी कुणीच विचारलं नाही. तू मात्र पत्राच्या शेवटी का होईना, लिहिलंस. बरं केलंस, कारण देवगडात सुरुवात तिथूनच करावी लागते.

तुझ्या एसएमपीएसचं लेबल वाच. साइडचं झाकण काढलं की दिसेल. ‘४५०’ हा मोठा आकडा सोडून दे. खाली बारीक अक्षरांत रकाने असतात, त्यातल्या १२ व्होल्टच्या रकान्यात किती ॲम्पिअर लिहिलेत ते बघ. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या डब्यांवर तिथे बरेचदा १८ च्या आसपास आकडा सापडतो. १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जेवतात ते या १२ व्होल्टच्या लाईनवरच. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात, तुझ्या प्रोसेसरचा ठरलेला आकडा ६५ वॉट आहे आणि जोर लागला की तो थोडा वेळ त्याच्याही वर जातो. त्यात बोर्ड, पंखे, एसएसडी धर. गेम ऐन रंगात असताना अडीचशे वॉटच्या आसपास मागणी, आणि देणारा २१६ वाला, तोही लेबलवर विश्वास ठेवला तर. मग अर्ध्या तासाने मशीन फट्दिशी बंद पडतं, परत सुरू होतं, आणि शिव्या कार्डाला बसतात.

असला एक एसएमपीएस माझ्या टेबलावर दुरुस्तीला आला होता. हातात घेतला तेव्हाच वजन लागलं नाही. उघडला तर आत, जिथे लाईट आत शिरते तिथे, गाळणीच्या कॉइलची जागा छापलेली होती आणि कॉइलऐवजी तारेचा एक तुकडा डकवलेला. मोठ्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं. कोपऱ्यात एक वाळलेली पाल. पाल बिचारी मागच्या उघड्या खाचेतून आत आली असणार, आणि ती खाच कशी उघडी राहिली हे पुढे येईल.

तर ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ छापाचा (म्हणजे वीज कमी वाया घालवणारा), बऱ्या कंपनीचा एसएमपीएस घे. १२ व्होल्टच्या रकान्यात ४० च्या पुढे ॲम्पिअर हवेत. कार्डाला वीज देणारी, त्याची स्वतःची ६+२ पिनची पीसीआय केबल हवी. जुन्या मोलेक्स पिना जोडून आठ पिना करून देणारा दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर दुकानदाराने पुढे केला तर हात जोड. आठ पिनांच्या त्या जोडणीतून १५० वॉटपर्यंत वीज जाणं धरलेलं असतं. बारीक तारांच्या कन्व्हर्टरमधून ती गेली की प्लास्टिक वितळतं.

आता कार्डं.

आरएक्स ६५०० एक्सटी पहिल्यांदा बाद. ते स्वस्त का आहे ते ऐक. लांबीने ते बोर्डावरच्या १६ लेनच्या (माहिती ये-जा करायच्या वाटांच्या) खाचेत बसतं, पण वापरतं चारच लेन. पीसीआय ४.० (त्या खाचेची नवी, वेगवान पिढी) च्या बोर्डावर ते खपून जातं. तुझा एच४१० बोर्ड ३.० चा आहे, म्हणजे त्या चार लेनचीही वाट निम्मी. वर मेमरी ४ जीबीच. मेमरी भरली की कार्डाला सारखं रॅमकडे धावावं लागतं, आणि धावायची वाटच अरुंद. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे उद्या तुला खेळ रेकॉर्ड करून टाकावासा वाटला तर सगळा भार प्रोसेसरवर. जानेवारी २०२२ मध्ये कार्डांचा दुष्काळ होता तेव्हा ते आलं, म्हणून विकलं गेलं.

दुकानदाराच्या आरटीएक्स ३०५० मध्ये एक गोम आहे. या एकाच नावाची दोन कार्डं बाजारात आली. २०२२ चं ८ जीबीवालं आणि २०२४ चं ६ जीबीवालं. फरक नुसता दोन जीबीचा नाही. पहिल्यात २५६० कोअर (गणितं करणारे भाग), दुसऱ्यात २३०४. पहिल्याची मेमरी १२८ बिटच्या रस्त्याने जाते, दुसऱ्याची ९६ बिटच्या. आज दुकानात दिसतं ते बहुतेक ६ जीबीवालं. त्याचा एक गुण मात्र खरा: ते ७० वॉटवर चालतं आणि बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागतच नाही, खाचेतूनच भागतं. कुणाकडे ऑफिसातून निघालेला जुना छोटा डेस्कटॉप असेल, ज्याचा एसएमपीएस बदलताच येत नाही, त्याला मी डोळे मिटून हेच सांगतो. तुझं कॅबिनेट साधं आहे, एसएमपीएस बदलता येतो. मग दोन-तीन हजार वाचवायला एवढा वेग कशाला सोडायचा?

मित्राचं बी५८० हे कार्ड म्हणून वाईट नाही. १२ जीबी मेमरी या पैशात सहसा मिळत नाही. पण तुझ्या मशीनमध्ये नको. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार नावाची सोय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) बोर्डात चालू असावी लागते. ती नसली तर वेग भलताच पडतो. एच४१० च्या काही बोर्डांना ती बायॉसच्या (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटने मिळाली, काहींना नाही. ती मिळाली तरी दुसरी अडचण उरते. बी५८० चा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, प्रोसेसरकडून जास्त काम करून घेतो. नव्या सहा-आठ कोअरवाल्यावर ते कळत नाही, तुझ्या चार कोअरच्या आय३ वर कळेल. मित्राचा प्रोसेसर कोणता आहे विचार. माझा अंदाज आहे की तुझ्यापेक्षा नवा असणार.

राहिलं आरएक्स ६६००. हे ऑक्टोबर २०२१ चं कार्ड आहे, म्हणजे तरुण नाही. ८ जीबी मेमरी, १३२ वॉट, एक आठ पिनांची जोडणी. हेही आठच लेन वापरतं, पण ३.० वर आठ लेनमध्ये नुकसान किरकोळ होतं. फोर्झा होरायझन ५ फुल एचडीवर, हाय सेटिंगला, ६० च्या वर आरामात पळेल. सायबरपंक रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवायची सोय) बंद ठेवून हायला साठच्या आसपास. गर्दीच्या चौकात तुझा आय३ आधी दमेल, कार्ड नाही. मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला ७५ च्या पुढच्या फ्रेम तुला दिसणारच नाहीत. यूट्यूबवर कुणी दीडशे फ्रेमचे आकडे दाखवून महागडं कार्ड विकत असेल तर ही गोष्ट ध्यानात ठेव.

या कार्डाची एक कमजोर बाजू सांगितलीच पाहिजे. २०२५ च्या शेवटाकडे एएमडीने आरएक्स ५००० आणि ६००० मालिकांचे ड्रायव्हर वेगळ्या, देखभालीपुरत्या फांदीवर नेले. लोकांनी ओरड केली तेव्हा नव्या गेमसाठी आधार चालू राहील असं कंपनीने सांगितलं. मी त्यावर तीनेक वर्षं काढता येतील असं धरून चालतो, दहा नाही. साठाही आटत चाललाय. वीस हजारांच्या आसपास मिळालं तर घे. कुणी २४ हजार मागू लागला तर घेऊ नकोस. त्या पैशात थोडी भर घालून आरटीएक्स ५०५० येतं, ते नवं आहे, ८ जीबीचं आहे, १३० वॉटवर चालतं. फक्त मग एसएमपीएससह तुझे २५ हजार ओलांडतात, आणि एसएमपीएस मागे ठेवून कार्ड पुढे करायचं नाही, हे माझं एकच पथ्य आहे.

आतेभावाच्या ३०६० बद्दल. कार्ड उत्तम. १२ जीबी, वेगात ६६०० च्या जवळपास, रे ट्रेसिंगला त्याहून बरं. १७० वॉट खातं, तुझ्या नव्या ५५० वाल्याला झेपेल. प्रश्न त्या कार्डाचा नाही, त्याच्या आधीच्या नांदण्याचा आहे. हे फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं, इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगची (कार्डांना गणितं करायला लावून ते चलन कमावण्याची) साथ भरात असताना. एनव्हिडियाने त्यावर मायनिंगला लगाम घातला होता आणि मग स्वतःच एक ड्रायव्हर चुकून सोडला, ज्यात लगाम सुटला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने पद्धतच बदलली, कार्डांनी मायनिंग करणं संपलं, आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. प्रत्येक विकणारा ‘फक्त गेमिंगला वापरलंय’ म्हणतो. बिल नाही म्हणजे वॉरंटीचा विषयच नाही.

तरी १४ हजार हा आकडा मोह पाडणारा आहे हे कबूल. आतेभावाला सांग, घ्यायचंच तर त्या माणसाच्या घरी जाऊन, त्याच्याच मशीनवर चालताना बघ. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडायचं. कार्डाच्या नावापुढे त्याने ‘फेक’ दाखवलं तर तिथून उठायचं. जुन्या कार्डावर नव्याचं बायॉस चढवून विकणारे आहेत. मग अर्धा तास जड गेम लावून ठेवायचा आणि तापमान, पंख्यांचा आवाज, पडद्यावर ठिपके किंवा रेघा येतात का ते बघायचं. स्क्रूंची डोकी झिजली असतील तर कार्ड आधी उघडलेलं आहे. एचडीएमआयच्या तोंडाशी हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पूड असेल तर ते कार्ड खाऱ्या हवेत राहून आलंय. हे सगळं करायला आतेभाऊ तयार असेल तर विचार कर. ‘ओळखीतला आहे रे’ एवढ्यावर नको. जुनं फसलं तर तुझा अख्खा हंगाम गेला.

आता लाईट. पावसाळ्यात तुमच्याकडे ती नुसती जात नाही, जाण्याआधी डीम-फुल्ल होते, आणि येताना कधी कधी जोरात येते. इन्व्हर्टर आहे म्हणतोस, पण त्याच्या मागे किंवा पुढे एक छोटा स्विच असेल तो बघ: यूपीएस मोड आणि दुसरा साधा किंवा इको मोड. घरोघरी तो इकोवर पडून असतो, कारण पंखे-दिव्यांना काही फरक पडत नाही. कॉम्प्युटरला पडतो. इकोमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण जातो तेवढ्यात मशीन बंद होतं. यूपीएस मोडला ठेव; व्होल्टेज फार खाली-वर झालं तरी तो लवकर बॅटरीवर येतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे का तेही बघ. जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर चांगला एसएमपीएस त्यावर कुरकुरतो, कधी बंदही पडतो. आणि बॅटरीवर गेम खेळायचा नाही. सेव्ह करायचं, शट डाऊन करायचं. अडीचशे वॉटने बॅटरी उतरली तर रात्री आईला पंखा नाही, मग तुझ्या डब्याची खैर नाही.

त्याहून महत्त्वाचं अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला अनवाणी उभं राहून हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात का? येत असतील तर सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे. सड्यावरच्या घरांत हे फार आढळतं. जांभ्यात खोल खड्डा मारायचा कंटाळा, मग दोन हात खोदून सळी रोवली की झालं अर्थिंग. एप्रिल-मेमध्ये तो दगड कोरडा ठणठणीत होतो आणि सळी असून नसल्यासारखी. इलेक्ट्रिशियनला बोलावून टेस्ट लॅम्पने फेज आणि अर्थमध्ये तपासून घे, स्वतः करायला जाऊ नकोस. जुनं अर्थिंग नीट करून घ्यायला जो खर्च येईल तो कार्डाआधीचा समज. वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या विजा कडाडायला लागल्या की प्लग उपटायचा, स्विच बंद करून भागत नाही. नेटची केबलही काढायची. वीज त्या वाटेनेही घरात येते आणि मदरबोर्डाचा लॅन पोर्ट घेऊन जाते.

खाऱ्या हवेला फार घाबरू नकोस. रोज चालणारं मशीन आतून उबदार राहतं, त्यामुळे त्यात ओल साचत नाही. बिघडतात ती जून ते सप्टेंबर कपडा घालून बंद ठेवलेली. खेळायचं नसलं तरी दिवसाआड तासभर चालू ठेव, समुद्राकडच्या खिडकीपासून लांब आणि जमिनीपासून वीतभर वर.

रॅमची गोष्ट मी मुद्दाम उशिरा काढली, कारण त्यासाठी आत्ता पैसे नाहीत. सायबरपंकच्या २.० आवृत्तीपासून किमान १२ जीबी रॅम सांगितलीय, तुझ्याकडे आठ आहे. चालणार नाही असं नाही, पण अडखळेल. ८ जीबी डीडीआर४ ची आणखी एक पट्टी लागेल. दोन पट्ट्या झाल्या की प्रोसेसर दोन्हींतून एकदम वाचतो, व्हॅलोरंटलासुद्धा फरक कळेल. अलीकडे रॅम महागलीय, म्हणून कार्ड आणि एसएमपीएसमधून जे उरेल ते त्यात घाल, कमी पडलं तर जुन्या पट्टीची चौकशी कर. रॅम ही एकच गोष्ट मी जुनी घ्यायला बिनधास्त सांगतो. ती चालते किंवा चालत नाही, आणि तासाभरात कळतं.

आईला आकडा सांग. रोज तीन तास खेळलास तर अडीचशे वॉटने पाऊण युनिट, महिन्याला २२-२३ युनिट. तुमचं बिल १०० युनिटच्या आत असेल आणि यामुळे वर जाणार असेल तर वरच्या युनिटचा दर बराच चढा लागतो, ते आधी बिल काढून बघ आणि तेवढे पैसे तू देशील असं सांग. अभ्यासाला लागतं वगैरे थापा मारू नकोस. आंब्याच्या पेट्या भरून कमावलेले पैसे आहेत, खेळायला घेतोय म्हण.

कुठून घ्यायचं? गणपतीच्या गाडीतून मागवायला माझी ना नाही, लॅमिंग्टन रोडला भावात घासाघीस होते. पण कार्ड नादुरुस्त निघालं तर ते परत मुंबईला कोण नेणार? आतेभाऊ पाच दिवसांत परत जाईल, तेवढ्यात आरत्या आणि भजनं सोडून तू त्याची परीक्षा घेणार आहेस का? तुला कोल्हापूर जवळ. पाच-सातशे रुपये जास्त गेले तरी गगनबावड्याच्या वाटेने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, आणि बदलायचं असलं तरी तसंच. बिलावर कार्डाचा सिरीयल नंबर लिहून घे, नंबर कार्डावरच्या स्टिकरशी जुळव, दोन्हींचा फोटो काढून ठेव. ऑनलाइन मागवलंस तर खोका फोडतानाचा व्हिडिओ काढ, न थांबवता.

बसवताना मशीनचा प्लग काढलेला असू दे. कॅबिनेटच्या मागच्या दोन पट्ट्या काढाव्या लागतील, त्या जपून ठेव. एखादी चुकीची निघाली असेल तर परत लाव. पाली, मुंग्या, झुरळं त्याच खाचेतून आत जातात. कार्ड खाचेत टक् आवाज येईपर्यंत दाब, स्क्रू घट्ट कर, आठ पिनांची केबल लाव. मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या तोंडातून काढून कार्डाच्या तोंडात घाल. हे मुद्दाम लिहितोय, कारण ‘कार्ड घातलं तरी गेम तसाच चालतो’ म्हणून येणाऱ्या मशीनांतल्या कित्येकांची केबल जुन्याच जागी असते. तुझ्या आय३ मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, त्यामुळे तसंही चित्र दिसतं आणि संशय येत नाही.

ड्रायव्हर एएमडीच्या साइटवरून उतरव. पहिला आठवडा दामटून खेळ, रोज, सगळ्यात जड सेटिंगला. बिघडणारं कार्ड बहुधा पहिल्या काही दिवसांतच दगा देतं, आणि परत करायची मुदतही तेवढ्याच दिवसांची असते.